रांगेत नसलेल्यांचं काय?

तर्काला धरून : वाचकांचे प्रश्न, निवृत्त तर्कशास्त्र शिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : बाई, नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झाले, कर्वेनगरला राहते. दोन वर्षं गुडघ्यांनी छळलंय. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून भोरच्या बाजूला एक आजोबा तेल लावून देतात, त्यांच्याकडे दर रविवारी आम्ही चौघीजणी गाडी करून जातो. मला खरंच फरक पडलाय. मुलगा म्हणतो, ही निव्वळ अंधश्रद्धा. पण तिथे रांगेतले सगळे गुण आल्याचं सांगतात. एवढी माणसं खोटं बोलतात का?

उत्तर : नाही हो, खोटं कशाला बोलतील? तुम्हाला आराम वाटतोय, तोही खराच. पण रांगेत कोण बसलंय, ते बघा. गुण आला ते परत आले. नवे आले ते आशेनं आले. दोन खेपा घालून ज्यांचा गुडघा जैसे थे राहिला, ते रविवारी सकाळी घरीच शेकत बसले असतील. ते भोरच्या रस्त्याला लागतच नाहीत. तुम्ही रांगेतल्या सगळ्यांना विचारलंत तरी उत्तर एकाच बाजूचं येणार, आणि त्यात कुणाचीही लबाडी नाही.

ही चूक फार जुनी आहे. रोमच्या सिसेरोनं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, की डायगोरस नावाच्या एका नास्तिकाला देवळात चित्रं दाखवली गेली. नवस बोलून वादळातून वाचलेल्या माणसांची चित्रं. त्याचं म्हणणं पडलं, की जे बुडाले त्यांची चित्रं कुठेच लावलेली नसतात! इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनला ही गोष्ट इतकी आवडली, की 1620 साली त्यानंही ती पुन्हा सांगितली.

दुसरी गोष्ट दुखण्याच्या स्वभावाची. गुडघा वर्षभर सारखा दुखत नाही, कमीजास्त होतो. आणि आपण उपचाराला निघतो कधी? खुर्चीतून उठवेना, तेव्हा. दुखणं इतकं चढलं, की पुढचे काही दिवस ते बहुधा उतरणारच, तेल लावा न लावा. आपण मात्र त्या आठवड्यात जे केलं असेल त्याला श्रेय देतो. शिवाय चार मैत्रिणी, गाडीतल्या गप्पा, परतताना बहुतेक मिसळ, आणि कुणीतरी आपुलकीनं पाय चोळून देणं. यात तेलाचा वाटा किती, हे नुसत्या बरं वाटण्यावरून कळायचं नाही.

मग कळायचं कसं? एक वही घ्या. रोज रात्री झोपण्याआधी तीन आकडे लिहा, 0 ते 10 मधले : जिना उतरताना किती दुखलं, खाली बसून उठताना किती, आणि रात्री कुशीवर वळताना किती. आदल्या दिवसाचं पान उघडायचं नाही, नाहीतर हात आपोआप तोच आकडा लिहितो. एक महिना आजोबांकडे जा, एक महिना जाऊ नका. कुठला महिना आधी, ते नाणं उडवून ठरवा. मनानं ठरवलंत तर दुखरा महिनाच जाण्यासाठी निवडाल, आणि उताराचं श्रेय पुन्हा तेलाला मिळेल. न जाण्याच्या महिन्यातही मैत्रिणींना रविवारी भेटा मात्र. दोन महिन्यांनी सगळा निवाडा होईल असं नाही, पण रांगेतल्या साक्षीपेक्षा हा पुरावा बरा.

तेलाबरोबर खायची पुडी देत असतील, तर वही वगैरे राहू द्या, आधी ती पुडी डॉक्टरांना दाखवा. अशा बिननावाच्या औषधांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. गुण त्यानंही येतो, आणि महागात पडतो.

चिरंजीवांना माझा निरोप सांगा. आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, वादाचे पाच अवयव मानले आहेत : प्रतिज्ञा (म्हणजे दावा), हेतू (त्याचं कारण), उदाहरण, उपनय (ते उदाहरण आपल्या मुद्द्याला लावणं), निगमन (निष्कर्ष). ‘ही अंधश्रद्धा आहे’ एवढं म्हणून तो मोबाइलकडे वळला असेल, तर त्यानं प्रतिज्ञा केली आणि हेतू द्यायच्या आतच उठून गेला.

प्रश्न : मी हिंजवडीला आयटीत आहे. घरात लग्नाचं चाललंय आणि पत्रिका जुळल्याशिवाय आई स्थळाचा फोटोसुद्धा बघू देत नाही. तिच्या गुरुजींनी ‘मुलगी पाण्यापलीकडे जाईल’ असं सांगितलं होतं, आणि कंपनीनं मला सहा महिने जर्मनीला पाठवलं. आईला काय सांगू?

उत्तर : अगं, तुझ्या मजल्यावर पत्रिका न दाखवता परदेशी जाऊन आलेल्या किती जणी आहेत, ते आधी मोज. आणि ‘पाण्यापलीकडे’ म्हणजे सिंगापूरही चाललं असतं, लंडनही चाललं असतं. मुंबईहून घारापुरीला गेली असतीस तरी गुरुजी खरेच ठरले असते.

आईला आपल्या पुण्यातला प्रयोग सांग. 2008 च्या सुमारास जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या. निम्मी मुलं शाळेत हुशार ठरलेली, निम्मी बौद्धिक अपंगत्व असलेली. प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका दिल्या आणि कुठली कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. 28 बरोबर आल्या तर यश मानायचं, हा निकष. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत जास्त गुण आले 24, आणि सगळ्यांची सरासरी 20 च्याही खाली. नाणेफेक करत बसले असते तरी सरासरी 20 आली असती! हे सगळं 2009 मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलंय.

आता तुझ्या बाजूनं ताणू नकोस. प्रयोग बुद्धिमत्तेपुरता होता; लग्न टिकेल की नाही याची परीक्षा त्यात झालेली नाही. तो मुद्दा तसाच सांग, आई जास्त ऐकेल. आणि गुरुजींनी आजवर सांगितलेलं काय काय झालं नाही, ते तिला निवांत वेळी विचार. स्थळ बघायला पाहुणे आलेले असताना नको.

प्रश्न : सदाशिव पेठेत राहतो, वय 71. विचारातल्या पूर्वग्रहांवरची तीन पुस्तकं लागोपाठ वाचली. सौ.च्या बोलण्यात आता रोज चार-पाच पूर्वग्रह सापडतात, पण ती मान्यच करत नाही. तिला कसं पटवावं?

उत्तर : तुमच्या स्वतःच्या बोलण्यात रोज किती सापडतात, तो आकडा पत्रात लिहायचा राहिलेला दिसतो.

पीटर वॉसन या मानसशास्त्रज्ञानं 1960 साली एक साधा खेळ मांडला. 2, 4, 6 हे आकडे एका नियमात बसतात. तुम्ही आणखी त्रिकं सांगायची, समोरचा ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणार, आणि खात्री पटली की नियम सांगायचा. लोक 8, 10, 12 सांगत, ‘हो’ ऐकून खूश होत आणि ‘दोन-दोननं वाढणारे आकडे’ असं ठोकून देत. नियम नुसता चढत्या क्रमाचा होता. 29 पैकी फक्त 6 जणांनी पहिल्याच फटक्यात तो बरोबर सांगितला. 6, 4, 2 किंवा 1, 7, 50 असं काही विचारून आपलाच अंदाज मोडून बघावा, हे बाकीच्यांना वेळेत सुचलं नाही.

वहिनींना एखादा नियम मनात धरायला सांगा, आणि त्रिकं तुम्ही सांगा. ‘नाही’ असं उत्तर यावं म्हणून मुद्दाम निदान दोन तरी सांगायची. नियम ओळखता आला नाही तोवर चौथं पुस्तक आणू नका.