आयर्लंडचा जीडीपी, ब्रिटनशी व्यापार आणि ‘अवलंबित्व संपले’ हे अर्धसत्य

दरडोई जीडीपीच्या हिशेबात आयर्लंड ब्रिटनच्या जवळपास दुप्पट श्रीमंत दिसतो, तर तिथलेच अर्थतज्ज्ञ पुढच्या काळाबद्दल इतके धास्तावलेले का, असे तुम्ही विचारले आहे. ब्रेक्झिटनंतर आयर्लंडचे ब्रिटनवरचे अवलंबित्व संपले, हा दावा कितपत खरा, हा तुमचा दुसरा प्रश्न. आणि कोणते आकडे पाहत राहावेत, हा तिसरा. तिन्हींचे उत्तर मला एकाच ठिकाणी सापडते. आयर्लंड या एका नावाखाली दोन अर्थव्यवस्था नांदतात. पहिली अमेरिकी बहुराष्ट्रीय कंपन्यांची: औषधे, संगणकप्रणाली, वैद्यकीय उपकरणे. दुसरी शेती, दुग्धव्यवसाय, खाद्यप्रक्रिया, दुकानदारी आणि बांधकाम यांची. पहिलीच्या लेखी ब्रिटन हा अनेक बाजारांपैकी एक आहे. दुसरीचे मात्र त्याच्यावाचून आजही चालत नाही.

आधी जीडीपीचे पाहू. जुलै २०१६ मध्ये आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१५ सालचा वाढीचा दर २६.३ टक्के जाहीर केला, तेव्हा जगभर हसू झाले आणि अमेरिकी अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी त्याला ‘लेप्रेकॉन अर्थशास्त्र’ असे नाव दिले (लेप्रेकॉन म्हणजे आयरिश लोककथांतला सोने लपवणारा बुटका). त्या वर्षी देशातले कारखाने किंवा पगार एक चतुर्थांशाने वाढले नव्हते. बड्या कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री आयर्लंडमध्ये हलवली होती आणि तिच्यावरचे उत्पन्न आयर्लंडच्या खात्यात दिसू लागले होते. भाड्याने देण्याच्या विमानांचे ताफे आणि परदेशात करवून घेतलेले कंत्राटी उत्पादनही याच प्रकारे आकडा फुगवतात. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याच्या पेटीतले दागिने यजमानाच्या मालमत्तेत मोजावेत, तसा हा हिशेब आहे.

यावर उपाय म्हणून, त्या वेळी मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर असलेल्या फिलिप लेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २०१७ पासून ‘सुधारित सकल राष्ट्रीय उत्पन्न’ हे, असा फुगवटा वगळणारे, वेगळे माप वापरात आले. ते जीडीपीच्या साधारण ५५ ते ६० टक्के भरते. म्हणजे आयर्लंड श्रीमंत आहे, परंतु पश्चिम युरोपातल्या इतर सुस्थित देशांच्या पंगतीत बसण्याइतकाच. २०२३ मध्ये जीडीपी घटला, तरी रोजगार उत्तम होता आणि देशांतर्गत मागणी वाढत होती. उलट २०२५ च्या पहिल्या तिमाहीत जीडीपीने एकदम उसळी घेतली, कारण अमेरिकी आयातशुल्क लागण्याआधी औषधांचे साठे घाईघाईने अटलांटिकपार पाठवले गेले. दोन्ही वेळा सामान्य घरातल्या मिळकतीचा या चढउताराशी फारसा संबंध नव्हता.

धास्तीचे खरे कारण सरकारी तिजोरीत आहे. २०१४ मध्ये कंपनीकरातून सुमारे ४.६ अब्ज युरो मिळत होते. २०२४ मध्ये, ॲपलकडून न्यायालयीन निकालानंतर आलेली रक्कम बाजूला ठेवली तरी, हा आकडा २८ अब्जांच्या आसपास गेला. यातला निम्म्याहून अधिक वाटा फक्त दहा कंपन्यांकडून येतो आणि त्या बहुतेक अमेरिकी आहेत. उद्या वॉशिंग्टनने करकायदा बदलला किंवा एखाद्या कंपनीने आपली बौद्धिक संपदा दुसरीकडे नेली, तर अर्थसंकल्पाला भगदाड पडेल. याची जाणीव ठेवून सरकारने २०२४ मध्ये कायदा करून भविष्यनिधी उभारला आणि त्यात २०३५ पर्यंत दरवर्षी जीडीपीच्या ०.८ टक्के रक्कम टाकण्याचे ठरवले. हे शहाणपणाचे आहे, पण माझ्या मते उशिरा सुचलेले. इतका पैसा येत असताना घरे, पाणीपुरवठा आणि वीजजाळे मागेच राहिले. २०२३ मध्ये मोजणी झालेल्या विजेपैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक वीज एकट्या डेटा सेंटरांनी वापरली.

आता ब्रिटन. १९२० च्या दशकात आयर्लंडची ९० टक्क्यांहून अधिक निर्यात ब्रिटनला, म्हणजे उत्तर आयर्लंड धरून, जात असे. १९३२ मध्ये आयर्लंडचे सरकारप्रमुख डी व्हॅलेरा यांनी जुन्या जमीनखरेदी कर्जांचे हप्ते लंडनला पाठवणे थांबवले, ब्रिटनने आयरिश गुरांवर आणि शेतमालावर जकात लावली, आणि १९३८ च्या समझोत्यापर्यंत चाललेल्या या व्यापारयुद्धात आयरिश शेतकरी भरडला गेला. आयरिश पौंड १९७९ पर्यंत ब्रिटिश पौंडाशी एकास एक बांधलेला होता. १ जानेवारी १९७३ रोजी दोन्ही देश एकाच दिवशी युरोपीय आर्थिक समुदायात गेले, तेव्हाही निम्म्याहून अधिक निर्यात ब्रिटनकडेच होती. तिथून पुढे हा वाटा उतरत गेला. त्यामागे एकीकडे युरोपचा खुला बाजार होता आणि दुसरीकडे अमेरिकी गुंतवणूक. ब्रेक्झिटमुळे हे घडले असे मानणे चुकीचे आहे. ते आधीच बरेचसे घडून गेले होते. २०२४ मध्ये एकूण वस्तुनिर्यातीपैकी जवळपास एक तृतीयांश, म्हणजे ७२ अब्ज युरोंहून अधिक, एकट्या अमेरिकेला गेली.

मात्र ही टक्केवारी औषधांच्या प्रचंड किमतीमुळे दिशाभूल करते. औषधे वगळून फक्त खाद्यपदार्थ आणि पेये पाहिली, तर सुमारे एक तृतीयांश निर्यात आजही ब्रिटनला जाते. गोमांस आणि चेडर चीजमध्ये ब्रिटनचा वाटा याहूनही मोठा असतो आणि अळिंब्या तर जवळजवळ सगळ्याच तिकडे जातात. जून २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर पौंड कोसळला, तेव्हा आधीच ठरलेल्या पौंडातल्या दरांमुळे अळिंबी उत्पादक काही आठवड्यांतच अडचणीत आले आणि काहींना टाळे लावावे लागले. औषधकंपन्यांच्या ताळेबंदात त्या घसरणीचा ओरखडाही दिसला नसेल. शिवाय रोजगाराचा हिशेब वेगळा लागतो, कारण एका औषधकारखान्याच्या निर्यातीच्या तुलनेत कित्येक पट कमी रकमेच्या चीज-मांसाच्या निर्यातीवर गावेच्या गावे जगतात. ब्रिटनने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी केलेले मुक्त व्यापार करार मे २०२३ पासून लागू झाल्याने गोमांसातली स्पर्धाही हळूहळू वाढणार आहे.

आयातीच्या बाजूने पाहिले तर गुंता अधिक रोचक आहे. आयर्लंडमध्ये पिठाच्या मोठ्या गिरण्या फार थोड्या उरल्या आहेत आणि बेकऱ्यांना लागणारे बहुतेक पीठ ब्रिटनमधून येते. पावासाठी कणखर गहू लागतो, म्हणून ब्रिटिश गिरण्या आपल्या गव्हात कॅनडाचा गहू मिसळतात. युरोपीय संघ आणि ब्रिटन यांच्यातला करार शून्य जकातीचा आहे खरा, पण तो फक्त ‘मूळच्या’ मालाला लागू होतो. कॅनडाच्या गव्हाचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की ते पीठ ब्रिटिश ठरत नाही आणि त्यावर जकात बसते. म्हणजे डब्लिनच्या पावाची किंमत कॅनडाच्या गव्हावर आणि ब्रसेल्समध्ये ठरलेल्या नियमावर अवलंबून राहते. युरोपात बनलेला माल इंग्लंडच्या गोदामात उतरवून तिथून डब्लिनच्या दुकानात पाठवण्याची ब्रिटिश दुकानसाखळ्यांची जुनी पद्धतही याच नियमात अडकली.

त्यात एक विषमता राहिली आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. युरोपीय संघाचा सदस्य म्हणून आयर्लंडने १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश मालाची तपासणी सुरू केली. ब्रिटनने मात्र आपल्या बाजूची बंधने पुन्हा पुन्हा लांबवली आणि आयरिश मालासाठी सीमाशुल्काची नवी कागदपत्रे ३१ जानेवारी २०२४ पासून लागू केली. मधली तीन वर्षे आयरिश निर्यातदाराला वाट जवळजवळ मोकळी होती. ब्रेक्झिट आयर्लंडला फारसे बाधले नाही असे सांगताना हा काळ हिशेबात धरायला हवा.

उत्तर आयर्लंडची गोष्ट निराळी आहे. ब्रिटनचाच भाग असलेला हा प्रदेश आणि आयर्लंड यांच्यातल्या सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवर दोनशेहून अधिक रस्ते आहेत आणि तिथे चौक्या उभ्या करणे राजकीयदृष्ट्या अशक्य होते. ही कोंडी फुटायला ऑक्टोबर २०१९ मध्ये लिव्हरपूलजवळ तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि आयरिश पंतप्रधान लिओ वराडकर यांची झालेली भेट कारणीभूत ठरली. ठरले असे की उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत युरोपच्या एकल बाजाराचे नियम पाळेल आणि ब्रिटनच्या बाकी भागातून तिथे येणाऱ्या मालाची तपासणी बंदरांवर होईल; लंडन आणि ब्रसेल्स यांच्यातल्या फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर आराखड्याने ती पुष्कळ सुकर केली. परिणाम लगेच दिसला. २०२१ मध्ये दक्षिणेने उत्तरेकडून केलेली आयात ६५ टक्क्यांनी आणि तिकडे केलेली निर्यात ५४ टक्क्यांनी वाढली. दुधाचे टँकर तर आधीपासूनच सीमा ओलांडत होते: उत्तरेतल्या गोठ्यांतले सुमारे एक तृतीयांश दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेत जाते.

मालवाहतुकीत आयर्लंडने खरोखर पर्याय उभा केला. पूर्वी युरोपला जाणारे ट्रक डब्लिनहून हॉलीहेडला उतरत, वेल्स-इंग्लंड ओलांडून डोव्हरला पोहोचत आणि तिथून फ्रान्सला जात. २०२१ पासून रॉसलेअरहून डंकर्कला थेट बोटी सुरू झाल्या, साधारण २४ तासांच्या. वेळ थोडा जास्त, पण कागदपत्रांचा जाच नाही. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये ‘डाराग’ वादळाने हॉलीहेडचे धक्के निकामी केले आणि ते बंदर १६ जानेवारीपर्यंत बंद राहिले, तेव्हा नाताळच्या ऐन मोसमात पार्सले आणि दुकानांचा माल अडकला, बोटी लिव्हरपूल आणि फिशगार्डकडे वळवाव्या लागल्या आणि मंत्र्यांच्या तातडीच्या बैठका झाल्या. युरोपकडे जाणाऱ्या मालासाठी पर्याय होता. ब्रिटनमधून रोज येणाऱ्या मालासाठी सव्वातीन तासांच्या त्या फेरीची जागा घेईल असे काही नव्हते.

ऊर्जेत तर अवलंबित्व वाढले आहे. किनसेलचे वायुक्षेत्र २०२० मध्ये बंद झाले, कॉरिबचे उत्पादन घटत आहे आणि देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक वायू स्कॉटलंडमधल्या मॉफटहून नळाने येतो. वेल्सशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या वीजवाहिन्या आता दोन झाल्या आहेत. फ्रान्सशी जोडणाऱ्या ७०० मेगावॉटच्या वाहिनीचे काम चालू आहे. आपत्कालीन साठ्यासाठी तरंगते एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) केंद्र उभारण्याचा निर्णय सरकारने मार्च २०२५ मध्ये घेतला. युक्रेन युद्धाला तीन वर्षे होऊन गेल्यावर असा निर्णय व्हावा, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

सध्या दोन्ही सरकारांचे संबंध चांगले आहेत. मार्च २०२५ मध्ये लिव्हरपूलला वार्षिक शिखर बैठकांची सुरुवात झाली आणि मे महिन्यात लंडन व ब्रसेल्स यांनी खाद्यपदार्थ, पशू व वनस्पती यांच्या तपासणीबाबत समान करार करण्याची दिशा ठरवली. तो प्रत्यक्षात आला, तर सर्वाधिक फायदा आयरिश दुग्ध आणि मांस उद्योगाचा होईल. अमेरिकी शुल्कांनी मात्र नवीच तफावत निर्माण केली. २०२५ च्या उन्हाळ्यात ठरलेल्या दरांनुसार युरोपीय मालाला १५ टक्के आणि ब्रिटिश मालाला १० टक्के शुल्क लागले, त्यामुळे अँट्रिममधली बुशमिल्सची व्हिस्की आणि कॉर्कमधल्या मिडल्टनची व्हिस्की एकाच बेटावर बनून न्यूयॉर्कमध्ये वेगवेगळे शुल्क भरू लागली.

तुम्हाला लक्ष ठेवायचे असेल, तर जीडीपीची मथळ्यातली टक्केवारी सोडून द्या. सांख्यिकी कार्यालयाची ‘सुधारित देशांतर्गत मागणी’ दर तिमाहीला पाहा, आणि कंपनीकराचा मासिक भरणा नोव्हेंबरमध्ये आवर्जून पाहा, कारण बड्या कंपन्यांचा मोठा हप्ता त्या महिन्यात येतो. वस्तुव्यापाराच्या मासिक पत्रकात औषधे व रसायने हा रकाना वेगळा काढून उरलेल्या निर्यातीत ग्रेट ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांचे वाटे स्वतंत्र तपासा, कारण हे दोन्ही आता एकाच दिशेने हलत नाहीत. पौंड-युरो दराकडेही लक्ष असू द्या. तो दोनचार पेनींनी सरकला तरी त्याची झळ डब्लिनच्या काचेच्या इमारतींच्या कितीतरी आधी उत्तरेच्या सीमेलगतच्या मोनॅघन आणि कॅव्हनमधल्या खाद्यप्रक्रिया कारखान्यांना लागते.