ऑल-व्हील-ड्राइव्ह हॉट हॅचबॅक असेल तर ऑटोक्रॉसमध्ये खरंच फायदा होतो का? आणि कोकणात सराव कुठे करावा?

चारही चाकांना ताकद देणाऱ्या दमदार छोट्या गाडीचा ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे आखलेल्या ट्रॅकवर घड्याळ लावून चालवण्याच्या स्पर्धेत, फायदा होतो, पण वळणातून बाहेर पडताना. वळणात शिरताना होत नाही, आणि नवख्या माणसाचा वेळ बहुतेक शिरतानाच जातो.

तुम्ही लिहिलंय की नोकरी ठाण्याला, गाव राजापूर तालुक्यात, गणपती-शिमग्याशिवाय अधूनमधून शनिवार-रविवारीही येणं होतं. गावाला लागून मोकळा सडा (कातळाचं माळरान) आहे, समुद्रही लांब नाही, आणि बजेट ‘ताणलं तर ताणेल’. मी चिपळूणचा. पोलो १.० टीएसआय मॅन्युअल घेऊन ऑटोक्रॉसला जातो. एका मुंबईकर मित्राची चारही चाकांवर चालणारी मर्सिडीज-एएमजी ए४५ एस एका खाजगी डांबरी आवारात शंकूसारखे कोन लावून मनसोक्त चालवायला मिळाली आहे. या दोन्हींच्या जोरावर लिहितो.

तुम्ही यूट्यूबवर जे बघता ते बहुधा अमेरिकन ऑटोक्रॉस. मोठं डांबरी पार्किंग, नारिंगी कोन, एका वेळी एक गाडी, मिनिटभराचा रन, कोन पाडला की दोन सेकंद दंड. आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हणजे बहुतेक वेळा मातीचं मैदान. ट्रॅक आखलेला, पाण्याचा टँकर फिरवलेला, आणि तरी पाचव्या गाडीला समोरचं धूसर दिसणारा. म्हणजे तिकडे जी गाडी राजा, ती इकडेही असेल असं नाही.

आता चारही चाकांना ताकद दिली की नेमकं काय होतं ते बघा. टायरजवळ पकड ठरावीक असते. तीच पकड वळायलाही लागते आणि ओढायलाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे दोन टायर वळवण्याचं आणि ओढण्याचं दोन्ही काम करतात, म्हणून वळण संपायच्या आत पाय दाबला की आतलं चाक फिरतं आणि नाक बाहेर जातं. ओढण्याचं काम चार टायरांत वाटलं की पाय लवकर दाबता येतो. हा फायदा खरा आहे, मातीवर तर जास्तच.

पण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. तिथे तुमची लाखांची गाडी आणि माझी पोलो सारख्याच. उलट मागचा शाफ्ट, मागचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा), क्लच पॅक असं मिळून ७०-८० किलो वजन सहज वाढतं, आणि ते थांबवायला, वळवायला पुन्हा टायरच लागतात. शिवाय या हॅचबॅकमध्ये इंजिन आडवं आणि पुढच्या चाकांच्या डोक्यावर बसलेलं, त्यामुळे नाक जड ते जडच.

ए४५ एसमध्ये हे फार स्पष्ट कळतं. दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन, ४२१ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), मागच्या अ‍ॅक्सलवर दोन वेगळे क्लच. एकूण ताकदीतली निम्म्यापर्यंत मागे जाते आणि मागे गेलेली सगळीच्या सगळी एकाच, म्हणजे बाहेरच्या, चाकाला देता येते. कोनांच्या स्लॅलममध्ये (रांगेतल्या कोनांमधून नागमोडी जाताना) मी पहिल्यांदा जरा वेगात शिरलो तेव्हा स्टीअरिंग वळवलं तरी गाडी सरळच चालली होती. अशा वेळी हात आणखी वळवून काही होत नाही. पाय उचलावा लागतो, नाक दबू द्यावं लागतं, मग गाडी आत येते. ती आत आली आणि हात सरळ होऊ लागले की पाय पूर्ण दाबा. मागून कुणी ढकलल्यासारखी ती शेपूट किंचित बाहेर काढून निघते. त्या क्षणी तुम्ही हसता, हे मान्य. पण घड्याळात बघितलं तर पाय उचलून वाट बघण्यात गेलेला वेळ त्या हसण्यात पूर्ण भरून निघालेला नसतो. पोलोत तेच कोन मी हळू वेगात पण न थबकता काढतो, कारण ११० पीएसमध्ये चुकीच्या वेगाला पोचायलाच वेळ लागतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. यातल्या बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकांना ताकद पोचवणारा क्लच पॅक सतत घसरत-पकडत काम करतो. जागेवरून जोरात सुटण्याचे स्टार्ट लागोपाठ मारले की तो तापतो, आणि तापला की गाडीचा कॉम्प्युटर त्याला वाचवायला मागची ताकद कमी करतो. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच नेमक्या वेळी रजेवर. दोन रनच्या मध्ये बॉनेट उघडून गप्पा मारा, घाई करू नका.

भारतात पर्यायही थोडेच आहेत. सगळ्यांच्या तोंडी असते ती टोयोटा जीआर यारिस, २०२० ची, १.६ लिटर तीन सिलिंडर टर्बो, रॅलीच्याच हिशेबाने बांधलेली. हँडब्रेक ओढला की मागच्या चाकांची ताकद सुटते, म्हणजे ऑटोक्रॉसच्या हेअरपिनला (यू आकाराच्या वळणाला) अगदी जे हवं तेच. पण ती आपल्याकडे अधिकृतपणे विकली जात नाही. फोक्सवॅगनने २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आणली, पण ती पुढच्या चाकांवर चालणारी. चारही चाकांची गोल्फ आर नाही आणली. ए४५ एस २०२१ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम ७९.५ लाख होती. बजेट ताणतं म्हणजे इतकं ताणतं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. घ्यायची तर आनंदासाठी घ्या, माझी ना नाही. कोनांसाठी म्हणून घेऊ नका.

गंमत म्हणजे कोकणातल्या मातीवर चारही चाकांचा पैसा वसूल करणारी गाडी बऱ्याच गावांत असते. जुनी जिप्सी. तिला पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे डांबरावर फोर-व्हील टाकून वळवली की गाडी अडते आणि यंत्रणेवर ताण येतो. पण सुट्या मातीवर चाकं थोडी घसरू शकतात, आणि तिथे ती मस्त पळते. हॉट हॅचबॅक नव्हे, पण शेपूट सुटली की काय करायचं हे तीही शिकवते.

आता सरावाच्या जागेचं. हे जरा कडक लिहितो.

सड्यावर गाडी घालू नका. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, कशेळी ही तुमच्याच बाजूची नावं. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ही चित्रं काही सेंटिमीटर खोल कोरलेली असतात, वरून माती-गवत आलं तर जवळ उभं राहूनही दिसत नाहीत. फिरतं चाक ती सहज खरवडेल. पावसाळ्यात त्याच कातळावर सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, त्यांचंही तेच. आणि सडा मोकळा दिसला तरी बेवारस नसतो, कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो.

किनाऱ्यावर तर नकोच. ओली पुळण कडक वाटते म्हणून लोक शिरतात, वळताना वेग कमी होतो, चाक खणायला लागतं आणि तोवर भरती येते. २०२४ च्या शेवटी रेवदंड्याला फेरारी रुतली आणि ती बैलगाडीला बांधून ओढून काढली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. चार चाकांची ताकद असली म्हणजे चारही चाकं खणतात, एवढाच फरक. शिवाय किनाऱ्यावर गाड्या घालणाऱ्यांवर पोलीस गुन्हे दाखल करतात.

बंद पडलेली चिरेखाण सुचते बऱ्याच जणांना. तळ सपाट, तीन बाजूंनी भिंती, कुणाला त्रास नाही. पण त्या तळाला चिरे कापताना राहिलेल्या पायऱ्या आणि धारदार कडा असतात. हॉट हॅचबॅकचा बुटक्या कडेचा टायर त्यावर एकदा आडवा घासला की साइडवॉल, म्हणजे ती कड, गेली. आणि वरच्या काठावर कठडा नसतो हे गाडी उलटी फिरल्यावर आठवून उपयोग नाही.

गावचं क्रिकेटचं मैदान मागायला गेलात तर तयारीने जा. अंडरआर्मचे सामने लागायच्या आधी पिचवर टायरचे वळ उठले तर पुढच्या गणपतीपर्यंत ऐकावं लागेल.

मग उरतं ते स्वतःचं किंवा ओळखीच्या माणसाचं, परवानगीने मिळालेलं, भाताची कापणी झाल्यावर वाळलेलं सपाट शेत किंवा प्लॉट. गडग्यापासून आणि झाडापासून निदान दोन-तीन गाड्यांची लांबी मोकळी ठेवा. कोन नसतील तर नारळाची सोडणं चुना फासून मांडा. गाडीला लागली तरी काही होत नाही आणि लांबून दिसतात. पाच-सहा सोडणांची सरळ रांग आणि शेवटी एक हेअरपिन, एवढं पुरे.

तांबड्या मातीचा स्वभाव मात्र समजून घ्या. वर जांभ्याची बारीक गोल खडी सुटी पडलेली असते, खाली कडक तळ. पहिले रन खडीवर होतात, गाडी कुठेही जाते. हळूहळू चाकांच्या वाटेतली खडी बाजूला उडते, तळ उघडा पडतो आणि त्या दोन पट्ट्यांत पकड अचानक वाढते. पट्ट्याबाहेर बोटभर गेलात की पुन्हा खडी. टँकर फिरला तर उलटं. सुरुवातीला वरचा थर साबणासारखा निसटता होतो आणि वाळत जाईल तसा सुधारतो. स्पर्धेत तुमचा नंबर कितवा लागतो यावर म्हणून बरंच अवलंबून असतं. आधीच्या गाड्या कुठे घसरतात ते उभं राहून बघा, मोबाइल नंतर. ट्रॅक पायी फिरायला देतात तेव्हा प्रत्येक हेअरपिनच्या बाहेरच्या बाजूला जाऊन उभे राहा, कारण गाडी पोचणार तिथेच आहे.

नजरेची सवय लावायची तर कार्टिंगसारखं स्वस्त काही नाही. तुम्हाला अणुस्कुरा घाटातून कोल्हापूर जवळ. तिथला मोहिते ट्रॅक आहे. पुढच्या कोनाकडे बघायचं, गाडीसमोरच्या नव्हे, हे कार्टमध्ये दोन फेऱ्यांत अंगवळणी पडतं. घाटात मात्र सराव करू नका. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि आपल्या नेहमीच्या गाडीच्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, मग ती मैदानावर का असेना. पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ वाचा.

म्हणून माझा सल्ला: सेकंडहँड पोलो टीएसआय, आय२० एन लाइन किंवा स्विफ्ट घ्या. चांगले टायर, हेल्मेट, आणि पहिला मोसम त्यातच काढा. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाच्या) मान्यतेने होणाऱ्या स्पर्धाच बघा. वर्ग बहुधा इंजिनच्या सीसीवर ठरतात. छोट्या गाड्यांच्या वर्गात गर्दी असते, म्हणजे तुलना करायला माणसं असतात. मोठी टर्बो घेऊन गेलात तर वरच्या वर्गात तुम्ही आणि आणखी दोघे, दुसरा नंबर आला की घरी फोटो पाठवायचा, बाकी कळलं काहीच नाही.

तरीही ऑल-व्हील-ड्राइव्हच घेतलीत तर एक लक्षात ठेवा. चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले लागतात, नाहीतर क्लच पॅक उगाच काम करत राहतो. एक फाटला की कधी कधी जोडी, कधी चारही बदलावे लागतात, आणि १९ इंची माप आपल्याकडे दुकानात ठेवलेलं नसतं, मागवावं लागतं. गाडी ठरली की टायरचं माप कमेंटमध्ये टाका, कोल्हापुरात कुणाकडे मिळेल ते विचारून सांगतो.