अपडेटनंतर लिनक्स सुरू होत नाही? आधी गाडं कुठे अडलंय ते बघा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) अपडेट केलं, रीस्टार्ट केलं, एका ओळीपुढे दीड मिनिट सेकंद मोजले जात राहिले आणि शेवटी 'यू आर इन इमर्जन्सी मोड' येऊन रूटचा (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड मागितला. अपडेटनंच घात केला असं तुमचं म्हणणं, आणि कुणीतरी 'फॉरमॅट मारून मोकळा हो' असा सल्लाही दिलाय. शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की कायम जोडलेली असायची ती यूएसबी डिस्क मध्यंतरी काढून ठेवली, आणि तेव्हापासून लॅपटॉप बंद असा केलाच नव्हता, नुसता सस्पेंड करत होतात.

माझ्या मते उत्तर त्या शेवटच्या ओळीत आहे आणि अपडेट बहुधा निर्दोष आहे. सिस्टिम चालू असताना आपण डिस्क काढतो, पार्टिशन बदलतो, एखादी कॉन्फिग फाइल हाताने सुधारतो. तेव्हा काहीच बिघडत नाही, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टी फक्त बूट होतानाच वाचल्या जातात. मग कधीतरी अपडेट 'आता रीस्टार्ट करा' म्हणतं आणि साठलेलं सगळं एकदम बाहेर येतं. आळ मात्र अपडेटवर. म्हणून 'अपडेटनंतर बंद पडलं' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, त्याआधीचा रीस्टार्ट कधी केला होता?

फॉरमॅट करू नका. इमर्जन्सी मोडचा पासवर्ड मागितला जातोय म्हणजे फर्मवेअर (मशीनचा स्वतःचा प्रोग्रॅम), ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा मेनू), कर्नल (सिस्टिमचा गाभा), इनिटरॅमएफएस (कर्नलला सुरुवातीपुरती लागणारी छोटी सिस्टिम) हे सगळे टप्पे पार पडलेत आणि बाकी सगळं सुरू करणारं सिस्टिमडी चालू आहे. अडलंय ते अगदी शेवटाकडे.

पहिली चाचणी फुकटातली: ती काढून ठेवलेली डिस्क परत जोडा आणि मशीन चालू करा. सरळ सुरू झालं तर निदान पक्कं. कारण तो दीड मिनिटाचा आकडा उगाच आलेला नाही. एखादी डिस्क हजर होण्याची वाट सिस्टिमडी मुळात ९० सेकंदच पाहतं. पडद्यावरची ओळ 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर' अशी सुरू होऊन पुढे '/डेव्ह/डिस्क/बाय-यूयूआयडी' आणि लांबलचक आकडा असेल, तर वाट कुणाची पाहिली जातेय ते तिथेच लिहिलेलं आहे. ९० सेकंदांत डिस्क आली नाही की ते माउंट (डिस्क फोल्डरला जोडणं) फसतं, 'लोकल-एफएस' हे टार्गेट (सगळ्या डिस्क जोडून झाल्याचा टप्पा) फसतं आणि सिस्टिमडी तुम्हाला इमर्जन्सी मोडमध्ये आणून सोडतं. त्यात एकही फाइल खराब झालेली नसते.

आता दुरुस्ती. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. रूटचा पासवर्ड टाका. अक्षरं दिसणार नाहीत, तारेही दिसणार नाहीत, घाबरू नका. आधी 'जर्नलसीटीएल -एक्सबी' चालवा. हजारभर ओळी येतील, त्यातल्या लाल ओळी पाहा, आणि लाल ओळींतलीही सगळ्यात पहिली. बाकीच्या बहुतेक 'डिपेन्डन्सी फेल्ड' असतात, म्हणजे पहिलीच्या मागोमाग पडलेल्या. लोक नेमकी शेवटची ओळ वाचतात आणि ब्लूटूथ नाहीतर प्रिंटरच्या मागे लागतात.

मग 'एलएसबीएलके -एफ' चालवा. त्यात आत्ता हजर असलेली प्रत्येक पार्टिशन (डिस्कचा भाग) आणि तिचा यूयूआयडी (तिची स्वतःची लांबलचक ओळखसंख्या) दिसतो. शेजारी '/ईटीसी/एफएसटॅब' ही फाइल (बूट होताना काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) 'कॅट'ने उघडून ताडून पाहा. एफएसटॅबच्या एका ओळीत सहा रकाने असतात: यूयूआयडी, कुठे माउंट करायचं तो फोल्डर, फाइलसिस्टिम, पर्याय, आणि शेवटी दोन आकडे. तुमच्याकडे 'ईएक्सटी४ डीफॉल्ट्स ० २' अशा शेपटीची एक ओळ असेल, जिचा यूयूआयडी 'एलएसबीएलके'च्या यादीत कुठेच नाही. चोर तोच.

'नॅनो /ईटीसी/एफएसटॅब' म्हणून फाइल उघडा. डिस्क पुन्हा कधीच लावायची नसेल तर त्या ओळीच्या सुरुवातीला # टाका. अधूनमधून लावणार असाल तर 'डीफॉल्ट्स'च्या पुढे, मध्ये जागा न सोडता, ',नोफेल' जोडा. म्हणजे डिस्क असली तर माउंट होईल, नसली तर बूट तिच्यासाठी खोळंबणार नाही. बाहेरच्या कुठल्याही डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हवंच असं माझं ठाम मत आहे. सेव्ह होताना फाइल रीड-ओन्ली असल्याची तक्रार आली तर बाहेर पडून 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' चालवा आणि परत या.

रीस्टार्टची घाई नको. आधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवा. ही कमांड एफएसटॅब तपासून चुका दाखवते आणि फार कमी जणांना माहीत आहे. मग 'सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड' आणि 'माउंट -ए'. काही न बोलता प्रॉम्प्ट परत आला की काम झालं, रीस्टार्ट करा.

तुमच्या मशीनवर रूटचं खातं कुलूपबंद असतं तर आणखी एक अडचण आली असती. डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला की ते खातं कुलूपबंद होतं, त्यामुळे इमर्जन्सी मोड 'रूट अकाउंट इज लॉक्ड' म्हणून दारातच अडवतो. अशा वेळी ग्रबच्या मेनूत डेबियनच्या ओळीवर जाऊन 'ई' दाबा. मेनू दिसत नसेल तर यूईएफआय मशीनवर चालू होताना एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतून 'क्वाएट स्प्लॅश' काढा, 'आरओ'चं 'आरडब्ल्यू' करा, शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. पासवर्डाशिवाय थेट रूट शेल मिळतो. तिथे एफएसटॅब दुरुस्त करून 'सिंक' (एस-वाय-एन-सी) आणि मग 'रीबूट -एफ'. साधं 'रीबूट' तिथे चालत नाही, कारण सिस्टिमडी सुरूच झालेलं नसतं. ग्रबमध्ये असा केलेला बदल त्या एका बूटपुरताच टिकतो, तेव्हा बिनधास्त करून पाहावा. (हो, लॅपटॉप हातात असलेला कुणीही हे करू शकतो. म्हणून डिस्क एन्क्रिप्ट करायची असते.)

'क्वाएट स्प्लॅश' काढणं तर कुठल्याही बूटच्या तक्रारीत पहिलं काम. लोगो फिरत राहतो तेव्हा मागे खरी कारणं सरकत असतात आणि लोगो ती झाकतो. गाडं कुठे अडलं हे कळल्याशिवाय इंटरनेटवरच्या कमांड एकामागून एक मारत सुटणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं.

तुमचं इथे संपलं, पण लक्षणं वेगळी असतील तर निदानही वेगळं, म्हणून पुढचं.

ग्रबसुद्धा आलं नाही, 'बूट डिव्हाइस सापडत नाही' म्हणतंय: लिनक्सला अजून हातही लावू नका, फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जा. तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरची बॅटरी संपली आहे आणि तिच्याबरोबर बूटचा क्रम व डिस्कचा मोडही मूळपदावर गेला असू शकतो. एएचसीआय होतं ते रेड झालं की काही लॅपटॉपवर लिनक्सला डिस्क दिसेनाशीच होते. परत एएचसीआय करा, झालं.

शेजारी विंडोजही असेल तर एक सार्वजनिक प्रकरण लक्षात असू द्या. १३ ऑगस्ट २०२४ ला आलेल्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर ड्युअल बूटची बरीच मशीन 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड' म्हणून लिनक्स सुरू करायला नकार देऊ लागली. तिथे उपाय असा होता: सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ न देणारी फर्मवेअरची सोय) तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये जाऊन 'सुडो मोकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट' चालवा, पुन्हा एकदा लिनक्स सुरू करा आणि मग सिक्युअर बूट परत चालू करा. विंडोजची डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या एन्क्रिप्शनने) बंद असेल तर सिक्युअर बूटला हात लावण्याआधी रिकव्हरी की जवळ ठेवा, नाहीतर आगीतून फुफाट्यात. तर, अपडेट कधीच दोषी नसतं असं माझं म्हणणं नाही. इथे ते दोषी होतं, फक्त दुसऱ्याच सिस्टिमचं.

'ग्रब रेस्क्यू' असा प्रॉम्प्ट आला तर ग्रबचा छोटा गाभा चालू झालाय पण त्याला स्वतःचा फोल्डर सापडत नाही. पार्टिशन उडवलं किंवा त्यांचे क्रमांक बदलले की हे होतं. नुसता 'ग्रब' असा प्रॉम्प्ट असेल तर ग्रब पूर्ण चालू आहे, फक्त मेनूची फाइल मिळाली नाही. दोन्हीत लाइव्ह यूएसबीने (यूएसबीवरून थेट चालणाऱ्या लिनक्सने) सुरू करून, रूट पार्टिशन (ज्यावर सिस्टिम बसवलेली असते ते) माउंट करून, 'सीएचरूट'ने त्या सिस्टिममध्ये शिरून ग्रब पुन्हा बसवणं हा मला सगळ्यात भरवशाचा मार्ग वाटतो. यूईएफआय असेल तर ईएफआय पार्टिशनही '/बूट/ईएफआय'वर माउंट करायचं, ते लोक हमखास विसरतात.

'इनिटरॅमएफएस' असा कंसातला प्रॉम्प्ट म्हणजे कर्नल चालू झाला पण रूट पार्टिशन हाती लागलं नाही. वरचा मजकूर वाचा. 'रन एफएससीके मॅन्युअली' लिहिलं असेल तर तिथेच एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवायला हरकत नाही, कारण रूट अजून माउंट झालेलं नाही. माउंट असलेल्या फाइलसिस्टिमवर दुरुस्तीसाठी एफएससीके कधीच चालवू नये. पण वर 'आय/ओ एरर'च्या ओळी असतील तर हात आवरा. ती डिस्क मरायला टेकलेली असू शकते आणि एफएससीके तिला आणखी पळवेल. आधी लाइव्ह यूएसबीवरून 'डीडीरेस्क्यू'ने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा, दुरुस्ती त्या प्रतीवर करा.

आता अपडेटशी खरोखर संबंध असलेला प्रकार. कर्नल पॅनिक, आणि त्यात 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)'. घाबरवणारी ओळ आहे, पण बहुतेक वेळा अर्थ एवढाच की नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल तयारच झाली नाही किंवा अर्धवट राहिली. का राहिली? '/बूट' भरलं होतं म्हणून. एन्क्रिप्टेड इन्स्टॉलमध्ये '/बूट' वेगळं आणि लहान असतं, जुने कर्नल साठत जातात, आणि एके दिवशी नव्याला जागा उरत नाही. अपडेटने तेव्हा 'नो स्पेस लेफ्ट' असं सांगितलेलंही असतं, आपण वाचलेलं नसतं. ग्रबच्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून मागचा कर्नल निवडा. तो सुरू होतो. 'डीएफ -एच /बूट'ने जागा पाहा, 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' करा, मग 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' आणि 'सुडो अपडेट-ग्रब'. जागेअभावी एपीटीच (पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) अडून बसलं तर सगळ्यात जुन्या कर्नलची 'इनिटआरडी' फाइल हाताने उडवून 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा. उडवण्याआधी 'यूनेम -आर' पाहा, चालू कर्नल तोच नाही ना. फेडोरावर हेच काम 'ड्रॅकट' करतं.

सगळं सुरू होतं पण पडदा काळा: कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. लॉगिन आलं तर सिस्टिम ठणठणीत आहे, भानगड ग्राफिक्सची आहे. ग्रबमध्ये 'नोमोडसेट' टाकून पाहा. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल (ड्रायव्हर) बनलंय का ते 'डीकेएमएस स्टेटस' सांगतं. बनलंय पण सही नसल्यामुळे सिक्युअर बूट ते घेत नाही, असंही होतं.

पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा परत परत येतो: बऱ्याच वेळा डिस्क शंभर टक्के भरलेली असते. नाहीतर होममधली '.एक्सऑथोरिटी' फाइल (यातला एक्स मोठा) रूटच्या मालकीची झालेली असते. मालकी परत स्वतःकडे घ्या.

तुमच्याकडे डिस्क जोडूनही तोच पडदा आला तर माझं निदान चुकलं. मग इमर्जन्सी मोडमधून तीन गोष्टींचे फोटो काढून पाठवा: 'जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर'च्या सुरुवातीच्या वीसेक ओळी, 'एलएसबीएलके -एफ', आणि पूर्ण एफएसटॅब. तोवर इन्स्टॉलरची यूएसबी लावलीतच, तर त्यात 'ट्राय' निवडा, 'इन्स्टॉल' नाही.