सान्कोफा म्हणजे ‘भूतकाळ विसरू नका’ एवढंच का?

तुम्हाला मनगटावर सान्कोफा हे घानातलं चिन्ह गोंदवायचंय आणि त्याचा अर्थ ‘भूतकाळ विसरू नका’ असाच का, असं विचारलंय. नोकरीपायी तीन वर्षं घानात, कुमासीला होतो. त्या भांडवलावर सांगतो. अर्थ थोडा वेगळा आहे, आणि जास्त गोड आहे.

तिथल्या आसान्ते लोकांच्या अशा चिन्हांना आदिंक्रा म्हणतात. बहुतेक चिन्हांमागे त्यांच्या त्वी भाषेतली एखादी म्हण असते. ती ठाऊक नसेल तर हाती नुसती नक्षी उरते. सान्कोफा म्हणजे ‘परत फिर, जा, घेऊन ये’. म्हण अशी, की विसरलेलं आणायला मागे फिरलात तर त्यात निषिद्ध काही नाही. माणूस विसरणारच, हे इथे धरूनच चाललंय! हे चिन्ह दटावत नाही, मोकळीक देतं. आमच्याकडे उंबरठा ओलांडल्यावर रुमालासाठी परत आलो, तर आजी आधी बसवून घोटभर पाणी पाजायची, मगच पुन्हा सोडायची. अशा घरातल्या मला ही म्हण ऐकून हायसं वाटलं.

दुसरं लाडकं चिन्ह म्हणजे दोन मगरी, पोट मात्र एकच, तरी घासासाठी भांडताहेत. आपला भारुंड पक्षी आठवला ना? कोंबडीच्या पायाचंही चिन्ह आहे: कोंबडी पिलावर पाय देते, पण जीव घेत नाही. आईबापांच्या धाकाचं समर्थन. मला फारसं पटलेलं नाही. ‘ज्ये न्यामे’, म्हणजे देवावाचून कुणी नाही, हे तर प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पाठीवरही दिसतं.

एक लक्षात ठेवा, ही चिन्हं छापलेलं कापड मुळात मयताला जाणाऱ्यांनी अंगावर घ्यायचं. आदिंक्रा शब्दाचा अर्थही ‘निरोप’ असा लावतात. न्तोन्सो गावात भोपळ्याच्या कवचावर कोरलेले ठसे सालीच्या काळ्या काढ्यात बुडवून छापताना मी पाहिलेत. १८१८च्या सुमारास आसान्तेंनी लढाईत पराभूत केलेल्या आदिंक्रा नावाच्या राजामुळे हे नाव आणि ही कला आली, असं गाइड रंगवून सांगतात. पण बौडिच या इंग्रजाने १८१७मध्ये कुमासीत मिळवलेलं असं कापड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आता गोंदणाचं. सान्कोफाची बदामासारखी आकृतीही असते, पण ती काढलीत तर इथे सगळे प्रेमप्रकरण समजतील. मान मागे वळवलेला पक्षीच काढा, आणि गोंदणाऱ्याला सांगा, त्याच्या चोचीतलं अंडं गाळू नकोस.