वाचक विचारतात : डीव्हीआर समजून सेट-टॉप बॉक्स नेला

‘फसलेल्या चोऱ्या’ या विषयावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. इंदूर, देवास, महूहून भरपूर पत्रं आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. उत्तरं ठसे तपासणारे, कॅमेरे बसवणारे आणि फौजदारी वकिली करणारे अशा तिघांनी मिळून दिली आहेत.

आमच्या शेजारी दिवाळीत चोरी झाली. पुरावा राहू नये म्हणून चोरांनी टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स आणि वायफायचा राउटर उपटून नेला. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, वरच्या फळीवर जसाच्या तसा! असं खरंच होतं का? आणि आता त्या रेकॉर्डिंगचं काय करायचं? — एक वाचक, सुदामानगर

होतं, आणि वरचेवर होतं. अंधारात टॉर्चच्या उजेडात सेट-टॉप बॉक्स आणि डीव्हीआर सारखेच दिसतात : काळा चपटा डबा, समोर बारीक दिवा, मागे तारांचा गुंता. टीव्हीजवळचा डबा म्हणजेच कॅमेऱ्याचा, असा चोराचा हिशेब असतो. फरक कसा ओळखायचा ते इथे छापत नाही. मासिक कोणाकोणाच्या हाती पडतं, काय सांगावं?

आता रेकॉर्डिंग. चोर मूर्ख निघाला तरी डिस्क भरायची थांबत नाही. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा २ एमबीपीएस दराने लिहीत असेल, तर दिवसाला साधारण साडेएकवीस जीबी खातो. चार कॅमेऱ्यांचे झाले ८६ जीबी. म्हणजे १ टीबीची डिस्क अकरा दिवसांत भरते आणि बाराव्या दिवशी जुन्यावर नवं चढायला लागतं. पंधरा दिवस गावाला जाऊन आलेल्या माणसाला कुलूप तुटलेलं दिसतं, डीव्हीआर जागेवर दिसतो आणि चोरीची रात्र मात्र पुसली गेलेली असते. जायच्या आधी रेकॉर्डिंग ‘हालचाल झाली तरच’ या पर्यायावर टाका, नाहीतर डिस्क २ टीबीची करून घ्या.

चोरी झाल्यावर सगळ्यात आधी मोबाइल आणि डीव्हीआरचा पडदा शेजारीशेजारी येतील असा एक फोटो काढा, दोन्ही घड्याळं त्यात दिसली पाहिजेत. डीव्हीआरचं घड्याळ बहुधा चुकलेलं असतं. आतला नाण्याएवढा सेल संपला असेल, तर वीज जाऊन आल्यावर तारीख थेट २००० सालात जाते. मग आरोपीचा वकील विचारतो, माझा अशील तेव्हा जन्माला तरी आला होता का? फरक फोटोत टिपलेला असला की हा प्रश्न तिथेच मिटतो. घड्याळ दुरुस्त करायला मात्र जाऊ नका, जसं आहे तसं राहू द्या.

त्यानंतर कोऱ्या पेनड्राइव्हवर नक्कल काढा. पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा, बरेच डीव्हीआर दुसरा ओळखतच नाहीत. चोरीच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तासही घ्या. रेकी करताना चोराने तोंड झाकलेलं नसतं. पडद्यासमोर मोबाइल धरून केलेलं शूटिंग व्हॉट्सॲपवर फिरवायला बरं, कोर्टात त्याला किंमत नाही. कोर्टासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून संगणकाने काढलेला, तिच्या ओळखीचा आकडा) लिहावी लागते. तपास अधिकाऱ्याकडून तो नमुना मागून घ्या.

एक सूचना कॅमेऱ्याबद्दलही. पंधरा फुटांवर लावलेल्या कॅमेऱ्यात चोराची टोपी फार छान येते. चेहरा हवा असेल तर दाराजवळचा कॅमेरा आठ-नऊ फुटांवर लावा.

चेहऱ्याला लिंबाचा रस लावला की कॅमेऱ्यात दिसत नाही, असं समजून कोणी बँक लुटली होती म्हणतात. खरं की थाप? — एक विद्यार्थी, तुकोगंज

खरं आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात मॅकआर्थर व्हीलर नावाच्या माणसाने एकाच दिवशी दोन बँका लुटल्या, त्याही तोंड उघडं ठेवून. कॅमेऱ्यातलं चित्रण टीव्हीवर दाखवल्यावर तो चटकन सापडला, आणि रस लावला असतानाही आपण दिसलो कसे, याचंच त्याला नवल वाटत राहिलं. घरी पोलरॉइड कॅमेऱ्याने स्वतःचा फोटो काढून त्याने चाचणीही घेतली होती म्हणे. नेम चुकला असेल किंवा फिल्म खराब निघाली असेल. फोटोत तो आलाच नाही आणि त्याची खात्री पटली.

खुळाच्या मुळाशी शाळेतला प्रयोग आहे. लिंबाच्या रसाने कागदावर लिहिलं की वाळल्यावर दिसत नाही. इस्त्री फिरवली की रस लागलेला भाग बाकी कागदाच्या आधी करपतो आणि अक्षरं तपकिरी उमटतात. म्हणजे रसाने काही अदृश्य होत नाही, फक्त रंगहीन डाग वाळतो. गालावर तो वाळला तर गालच दिसणार, थोडा चिकट. याच घटनेचा दाखला देऊन डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली शोधनिबंध लिहिला. ज्याला एखादं काम जमत नाही, त्याला आपल्याला ते जमत नाही हेही कळत नाही, असं त्याचं सार.

रामबागेत आमच्याकडे चोरी झाली. मेल्यांनी फ्रीजमधलं श्रीखंड खाल्लं आणि वाट्या सिंकमध्ये ठेवल्या! पोलीस घरात येणार म्हणून मी वाट्या घासल्या, कपाट पुसलं, पसारा आवरला. ठसेवाले म्हणाले, काकू, आता काय उपयोग? माझं एवढं काय चुकलं? — एक गृहिणी

काकू, चोराने सोडलेली सही तुम्ही घासून टाकलीत. श्रीखंड खायला हातमोजा काढावाच लागतो. स्टीलची वाटी, काचेचा पेला, आरसा, गुळगुळीत रंगाचं लोखंडी कपाट यांच्यावर घामाचा ठसा नीट बसतो. खरबरीत भिंत आणि जाड कापड यांवर सहसा मिळत नाही. चमच्यावर लाळ असते, तिच्यातून डीएनए मिळू शकतो. दागिन्यांच्या रिकाम्या डब्या, कपाटातून उपसून फेकलेल्या पॉलिथिनच्या पिशव्या, उलटीपालटी केलेली कागदपत्रं हाच खरा माल.

गडद पृष्ठभागावर फिकी पूड आणि फिक्यावर काळी पूड मऊ ब्रशने फिरवतात, उमटलेला ठसा पारदर्शक टेपवर उचलतात. कागदावर निनहायड्रिन वापरतात. घामातल्या अमिनो आम्लांशी त्याचा संयोग होऊन जांभळा ठसा वर येतो. प्लॅस्टिकला सायनोॲक्रिलेटची, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ देतात, ठसा पांढरा उठून दिसतो. यातलं काहीही ओल्या फडक्यानंतर चालत नाही.

हातमोजे घालणारेही फसतात. पातळ रबरी मोजा आतून घामाने भिजतो आणि पळताना गल्लीत फेकला की आतल्या बाजूला मालकाचे ठसे मिळू शकतात. मोज्यांनी गाठ सुटत नाही, सेलोटेप निघत नाही. तेवढ्यापुरता एक काढला तरी काम झालं.

जगातलं पहिलं ठसे कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात सुरू झालं. तिथल्या वर्गीकरणाची गणिती बाजू अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवली, नाव मात्र बंगालच्या पोलीसप्रमुखाचं, एडवर्ड हेन्रीचं लागलं. त्याच सुमारास जलपायगुडीत चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. खुन्याने पेटी उचकून पैसे नेले, आणि आत एक बंगाली पंचांग राहिलं. त्यावर दोन पुसट तपकिरी डाग होते. त्यांतला एक जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. हा नोकर आधी चोरीत शिक्षा भोगून आल्याने त्याचा ठसा कलकत्त्याच्या दप्तरात होताच. कोर्टाने चोरी सिद्ध धरली, खून नाही, कारण कोणी पाहिलेला नव्हता.

मूर्खपणाचा मक्ता काही चोरांनीच घेतलेला नाही. १९११ साली पॅरिसच्या लूव्रमधून ‘मोना लिसा’ नेणाऱ्याने काचेवर डाव्या अंगठ्याचा ठसा ठेवला होता. तो आधी पकडला गेलेला होता, पण पोलिसांनी दप्तर लावलं होतं उजव्या अंगठ्यांचं. चित्र दोन वर्षं त्याच्या पेटीत राहिलं. आता ‘नॅफिस’ या ठशांच्या राष्ट्रीय यंत्रणेत दहाही बोटं असतात. तिच्या मदतीने मृताची ओळख पटवणारं पहिलं राज्य आपलं मध्य प्रदेश, एप्रिल २०२२ मध्ये.

पुढच्या वेळी (न येवो) : उंबऱ्याबाहेर थांबा, ११२ लावा, स्वयंपाकघरातही जाऊ नका. घरच्या सगळ्यांचे ठसे मागितले तर रागावू नका, ते वगळायला लागतात. मोलकरणीचेही, आणि जावईबापूंचेही.

तिजोरी फोडली, आत काहीच नव्हतं. चोर म्हणतो, मी काय चोरलं? सुटतो का? — एक दुकानदार, सियागंज

नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६२ मध्ये नेमकं हेच उदाहरण दिलं आहे : पेटी फोडली, दागिना नव्हता, तरी चोरीचा प्रयत्न झालाच. दुसरं उदाहरण रिकाम्या खिशात हात घालणाऱ्याचं. दोन्ही १८६० च्या दंडविधानातून जशीच्या तशी आलेली आहेत. प्रयत्नाला मूळ गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मी शिक्षा होऊ शकते. राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत, म्हणजे रिकाम्या पेटीला साडेतीनपर्यंत.

माझा मोबाइल राजवाड्याजवळ गेला. आता चोरट्याचे सेल्फी माझ्या गूगल फोटोजमध्ये येऊन राहिलेत, मागे दुकानाची पाटीसुद्धा दिसते. मित्र म्हणतात चल, धरून आणू. जाऊ का? — एक वाचक, परदेशीपुरा

जाऊ नका. फोटोतला माणूस चोर असेलच असं नाही. दोन हजारात सेकंडहँड फोन घेतलेला एखादा गरीब असेल, आणि तुमचे मित्र त्यालाच धोपटतील. फोटो ग्रुपवरही टाकू नका. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची, आणि खरा चोर फोटो पाहून फोन बंद करायचा.

आधी सिम बंद करा, मग बँकेला सांगून यूपीआय थांबवा. फोटोंचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट काढून थान्यात तक्रारीबरोबर द्या. खात्यातून तो फोन काढून टाकण्याची घाई करू नका, काढलात की फोटो यायचे बंद. त्याच नंबरचं नवं सिम घ्या, ओटीपी त्यावर येतो. मग संचार साथी या सरकारी संकेतस्थळाच्या सीईआयआर पानावर (हरवलेले-चोरलेले फोन तिथे नोंदवतात) तक्रारीची प्रत, बिल आणि ओळखपत्र टाकून आयएमईआय ब्लॉक करा. हा फोनच्या ओळखीचा पंधरा आकडी नंबर डब्यावर असतो. ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कोणी सिम घातलं की माग लागतो, आणि तो पोलिसांपर्यंत पोचतो. चोर सिम फेकून देतात आणि समजतात सुटलो, पण आयएमईआय सिममध्ये नसतोच. फोन परत मिळाल्यावर त्याच पानावरून अनब्लॉक करायला विसरू नका.

आमच्या देवासला खरा नोटांचा कारखाना, आणि तरी लोक घरच्या प्रिंटरवर पाचशेच्या छापतात! त्या पकडल्या कशा जातात? — एक वाचक, देवास

बहुतेक वेळा भाजीवाल्याच्या बोटांनी. खरा कागद सुती असतो, नवी नोट कुरकुरते. झेरॉक्सचा कागद मऊ पडतो आणि जांभळ्या (यूव्ही) दिव्याखाली निळा-पांढरा चमकतो. खऱ्या नोटेचा कागद चमकत नाही, त्यातले तंतू चमकतात. पाचशेच्या नोटेतला धागा तिरपी धरल्यावर हिरव्याचा निळा होतो, प्रिंटरला ते येत नाही. डाव्या-उजव्या कडेला पाच-पाच उठावदार रेघा असतात, अंगठा फिरवला की लागतात. आणि घरगुती कारखानदार एकच नोट स्कॅन करतो, त्यामुळे गठ्ठाभर नोटांवर एकच नंबर! वर बऱ्याच रंगीत लेसर प्रिंटरांतून प्रत्येक पानावर फिके पिवळे ठिपके उमटतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांत यंत्राचा क्रमांक दडलेला असतो. म्हणजे नोटेबरोबर आपला पत्ताही छापून दिला.

अशी नोट तुमच्याकडे आली तर पुढे खपवू नका, तो गुन्हा आहे. बँकेत द्या. बँक ती जप्त करून पावती देते, पैसे देत नाही. एका व्यवहारात चारपर्यंत निघाल्या तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते, पाच किंवा जास्त निघाल्या तर गुन्हाच नोंदवावा लागतो.

गॅसकटरने एटीएम कापणाऱ्यांना मिळतं काय? — एक वाचक, महू

पुष्कळदा राख. कटरची ज्योत पत्रा कापते तशी आतला गठ्ठाही पेटवते. जळून काळ्या पडलेल्या नोटा बँकेची शाखा घेतच नाही, त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसातच द्याव्या लागतात. आपल्याकडे म्हणजे भोपाळला. तिथे रांगेत उभं राहून काय सांगणार?

लखनौत २०२४ च्या उन्हाळ्यात चोरी करायला आलेला माणूस एसी लावून तिथेच झोपी गेला होता. आपल्या घरी असं झालं तर उठवावं का? — एक वाचक, स्नेहलतागंज

मुळीच नाही. असे चोर बहुधा प्यालेले असतात, दचकून उठलेला प्यालेला माणूस हाताला लागेल ते फेकतो. घरच्यांना घेऊन हळूच बाहेर पडा, बाहेरून कडी लावा, मागचं दारही बघा, मग ११२. जखमा होतील असं मारणं हा तुमच्यावरचा वेगळा गुन्हा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला साधा नागरिकही धरू शकतो, पण विनाकारण वेळ न घालवता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. त्याच्या उशाशी पडलेली पिशवी, पाना, बाटली यांना हात लावू नका. आणि पोलीस येईपर्यंत एसी बंद करू नका.