उसाच्या रसाला ग्लुकोमीटर उलटा आकडा का दाखवतो

दादा, तुमचा प्रश्न असा : रस पाण्यात पातळ करून वडिलांच्या ग्लुकोमीटरवर घेतला, तर तोडीला आलेल्या उसापेक्षा कोवळ्या उसाचा आकडा जास्त आला, मशीन बिघडलंय का? मशीन ठणठणीत आहे. मीही वाळव्याकडच्या आमच्या रानातल्या ८६०३२ जातीच्या उसावर हा उद्योग करून बसलोय.

पट्टीवरचं एन्झाइम, बऱ्याचदा ग्लुकोज ऑक्सिडेज, फक्त सुटं ग्लुकोज ओळखतं. ते ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन काढून मध्यस्थ रसायनाला देतं, तिथून ते इलेक्ट्रोडवर जातात आणि जो बारीकसा करंट वाहतो तोच आपल्याला आकड्यात दिसतो. (१९६२ साली क्लार्क आणि लायन्स यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा मध्यस्थ नव्हता, एन्झाइमनं किती ऑक्सिजन खाल्ला ते मोजायचं.) उसातली साखर मात्र सुक्रोज. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना बांधलेले, त्यामुळं एन्झाइमच्या लेखी ती नसल्यातच जमा. कोवळ्या उसात सुटं ग्लुकोज जास्त असतं, ऊस पिकेल तसं ते कमी होतं. तोडून दोन दिवस फडात पडलेल्या उसात सुक्रोज फुटून ते परत वाढतं. म्हणजे तुमचा आकडा चढला की साखर उतरली असं समजा. त्यातही पट्टी रक्तासाठी जुळवलेली, त्यामुळं नुसत्या आकड्याला अर्थ नाही. एकाच प्रमाणात पातळ केलेल्या दोन रसांची तुलना फार तर करता येते.

सुक्रोजच मोजायचं तर तीन एन्झाइमं लागतात. इन्व्हर्टेज सुक्रोज फोडतं; पण सुटणारं ग्लुकोज अल्फा रूपातलं असतं आणि ऑक्सिडेजला बीटा हवं, म्हणून मध्ये अल्फाचं बीटा करणारं म्युटारोटेज. आधीचं ग्लुकोज वजा करून उरलेल्याला १.९ नं गुणलं की सुक्रोज. कुणी म्हणेल, यीस्टमध्ये इन्व्हर्टेज असतंच की. असतं, पण यीस्ट ते ग्लुकोज स्वतःच खाऊन बसतं!

पट्ट्यांच्या पैशात हातातला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून रसाचा ब्रिक्स दाखवणारं यंत्र, परवडेल. कारखान्याच्या चिटबॉयकडं असतो तोच. ब्रिक्समध्ये, म्हणजे रसात विरघळलेल्या पदार्थांच्या टक्केवारीत, नुसती साखर नव्हे तर सगळेच विरघळलेले पदार्थ येतात हे खरं, पण बुडख्याच्या आणि शेंड्याकडच्या कांडीचा ब्रिक्स जवळजवळ सारखा आला की ऊस पिकला. आधी स्वच्छ पाण्यावर शून्य लावून घ्या आणि प्रत्येक थेंबानंतर काच पुसा.