'डेड मेन्स पाथ' (मेलेल्यांची वाट) या कथेत आधुनिक विचार आणि परंपरा यांचा संघर्ष कसा दिसतो?

चिनुआ अचेबे या नायजेरियन लेखकाची ही कथा मी वर्गात बऱ्याचदा शिकवली आहे. मुलं उत्तर ठरवूनच येतात: हेडमास्तर ओबी म्हणजे सुधारणा, म्हातारा पुजारी म्हणजे अंधश्रद्धा. मला ही वाटणी पटत नाही. माझ्या मते हे भांडण वहिवाटीचं आहे. आपल्याकडे वहिवाट म्हणजे रूढी, आणि वापरातल्या वाटेवरचा हक्कसुद्धा. बांधावरच्या रस्त्यावरून तहसीलदारापर्यंत गेलेली प्रकरणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही कथा निम्मी आधीच कळलेली असते.

काळ जानेवारी १९४९. २६ वर्षांचा मायकेल ओबी एका मागासलेल्या मिशन शाळेचा हेडमास्तर होतो. त्याच्या डोक्यात नव्या पद्धती, बायकोच्या डोक्यात बाग आणि हेडमास्तरीणबाईंचा तोरा. (बाकीचे शिक्षक अविवाहित आहेत, म्हणजे आपला हेवा करायला बायकाच नाहीत, हे कळल्यावर ती हिरमुसते. अचेबे हळूच चिमटा काढतो तो असा.) एका संध्याकाळी एक म्हातारी झेंडूच्या वाफ्यातून सरळ चालत जाते. शाळेच्या आवारातून देवस्थानापासून दफनभूमीकडे जाणारी जुनी पायवाट आहे. पुढच्या आठवड्यात तपासणी. ओबी वाटेची दोन्ही टोकं काठ्या आणि काटेरी तार लावून बंद करतो.

तिसऱ्या दिवशी पुजारी येतो. त्याचं बोलणं नीट वाचा, कारण परीक्षेत इथेच घोटाळा होतो. या वाटेनं मेलेले जातात, पूर्वज भेटीला येतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जन्माला येणारी मुलं याच वाटेनं येतात, असं तो सांगतो. शीर्षकात फक्त मेलेले आहेत, म्हणून हे तिसरं कारण विसरलं जातं. ओबी या समजुती मानत नाही; तरी तुमचं म्हणणं खरंही असेल, असं पुजारी मोकळेपणी मान्य करतो. ससाणाही बसू दे, गरुडही बसू दे, म्हणजे दोघांनाही जागा असू दे, एवढंच त्याचं मागणं. ओबी मात्र हसून नियम पुढे करतो आणि कुंपणाबाहेरून नवी वाट काढायला सुचवतो. पूर्वजांना थोडा वळसा जड जाणार नाही, असा टोमणाही मारतो. आता दोघांत हट्टी कोण?

दोन दिवसांनी गावात एक बाई बाळंतपणात दगावते. कुंपणामुळे दगावली, असं अचेबे कुठेही म्हणत नाही. तसं सुचवतो तो गावाने विचारलेला दैवज्ञ: कुंपणाने अपमान झालेल्या पूर्वजांना शांत करायला मोठे बळी द्या, असं तो सांगतो. गावाला पुजाऱ्याचं ते तिसरं कारणही आठवत असणारच. दुसऱ्या सकाळी शाळेभोवतीचं झुडपांचं कुंपण उपटलेलं, फुलं तुडवलेली, शाळेची एक इमारत पाडलेली.

त्याच दिवशी गोरा अधिकारी तपासणीला येतो. आवाराच्या दुर्दशेबद्दल तर तो लिहितोच, शिवाय गाव आणि शाळा यांच्यात पेटू लागलेल्या भांडणाला नव्या हेडमास्तरांचा भलताच उत्साहही काही अंशी कारणीभूत आहे, असा शेरा मारतो. ज्या तपासणीसाठी वाट बंद केली, तिच्याच अहवालात.